१० मीटर एअर रायफल: ग्रुप घट्ट, पण सगळा घड्याळाच्या ८ च्या दिशेला. बिघाड नेमका कुठे शोधू?

खारेगाव_लेन (प्रश्न)

नमस्कार मंडळी. मॅच ग्रेड पीसीपी रायफल (सिलिंडरमध्ये आधी भरलेल्या हवेवर चालणारी), उजव्या खांद्यावर, स्टँडिंग. सराव ठाण्यातल्या रेंजवर इलेक्ट्रॉनिक टार्गेटवर. पेलेट ४.५० मिमी हेडचे, फ्लॅट नोज.

ग्रुप (शॉटचा झुबका) तसा पसरट नाही. पण त्याचं केंद्र मध्यापासून साधारण ४ मिमी डावीकडे आणि २ मिमी खाली पडतं. डायऑप्टरला (मागच्या साइटला) क्लिक देऊन, म्हणजे चकती एकेक खाच फिरवून, मध्यात आणला की त्या दिवसापुरता बसतो. दुसऱ्या दिवशी जॅकेट चढवून उभं राहिलं की पुन्हा सरकलेला, कधी डावीकडे जास्त, कधी कमी. ६० शॉटच्या मॅचमध्ये चौथ्या सिरीजनंतर (सिरीज म्हणजे १० शॉट) ग्रुप आडवा पसरतो आणि शेवटच्या सिरीजला शॉट आणखी खाली ओघळतात. नवी मुंबईतल्या दुसऱ्या रेंजवर हीच रायफल, हीच सेटिंग, तर डावीकडचा फरक निम्मा.

टेकूवर ठेवून अजून तपासलेली नाही. बॅरल वाकडी, साइट खराब, पेलेट की मी? नवा डायऑप्टर घ्यावा का?

वर्तकनगर_कोच

डायऑप्टर आत्ता घेऊ नका. तुम्ही दिलेल्या लक्षणांत निदान तीन वेगवेगळ्या गोष्टी मिसळल्यात आणि एका क्लिकने त्या तिन्ही बऱ्या होणार नाहीत.

आधी फरक मोठा किती ते बघा. एअर रायफलच्या टार्गेटवर १० चा ठिपका फक्त ०.५ मिमी आणि प्रत्येक दशांश ०.२५ मिमीचा. ११ मधून (अंतर मिमीमध्ये × ०.४) वजा केलं की साधारण गुण निघतात. ४ डावीकडे आणि २ खाली म्हणजे मध्यापासून जवळपास साडेचार मिमी, म्हणजे ग्रुपच्या केंद्रावर पडलेला शॉटही ९.२ चा. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२३ च्या हांगझोऊ एशियाडमध्ये पात्रता फेरीत ६३२.५ खेळला. म्हणजे शॉटला १०.५ च्या वर, पेलेटचं केंद्र सरासरी सव्वा मिमीच्या आत. या खेळात ४ मिमी ही बारीकसारीक चूक नव्हे, त्यामुळे कारण सापडायलाच हवं.

पहिलं काम: रायफल आणि माणूस वेगळे करा. टेबलावर वाळूची पिशवी ठेवा आणि रायफलचा फोरएंड (स्टॉकचा पुढचा भाग) त्यावर टेकवा. सिलिंडर किंवा बॅरल पिशवीला लागता कामा नये, नाहीतर पॉइंट सरकतो. बट खांद्यात नेहमीसारखा, गाल नेहमीसारखा. रेलवर छोटी स्पिरिट लेव्हल ठेवून रायफल सरळ उभी आहे याची खात्री करा. हे विसरू नका, पुढे लागणार आहे. टार्गेट कागदी कार्ड हवं, इलेक्ट्रॉनिक नको. एका कार्डावर ५ शॉट, अशी निदान ४ कार्डं. प्रत्येक शॉटला ट्रिगर सरळ मागे, आणि शॉट सुटल्यावर दोन सेकंद साइटमधून बघत राहायचं.

मग दोनच प्रश्न: भोक किती मोठं, आणि कुठे. चांगली बॅरल आणि जुळणारा पेलेट असेल तर ५ शॉटचं भोक बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत साडेपाच ते ६ मिमी येतं. ४.५ मिमी तर पेलेटच आहे. भोक ८-९ मिमी आलं तर यंत्रात काहीतरी आहे. भोक लहान पण जागा चुकलेली असेल तर साइट. भोक लहान आणि मध्यात असेल तर रायफल मोकळी सुटली, आपण तुमच्याकडे वळू.

तुर्भे_टूलरूम

कोचसाहेबांच्या टेस्टच्या आधी अर्धा तास स्क्रूंना द्या, नाहीतर सैल साइटवरून २० पेलेट वाया जातील.

फोरसाइट (पुढची साइट) ते डायऑप्टर अंतर साधारण ७५ सेमी धरा. डायऑप्टर जागेवरून फक्त ०.१ मिमी हलला तर १० मीटरवर १.३ मिमी फरक पडतो. ०.१ मिमी म्हणजे कागदाची जाडी. साइट रेलवर पकडणारे दोन्ही स्क्रू, रेझर ब्लॉक (साइट उंच करणारे ठोकळे) असतील तर त्यांचे स्क्रू, फोरसाइट टनेलचा स्क्रू, आणि स्टॉकमध्ये ॲक्शन बसवणारे स्क्रू, हे सगळे एका दमात तपासा. ॲलन कीने करकचून आवळू नका. मॅन्युअलमध्ये किती न्यूटन-मीटर लिहिलंय ते बघा, ॲल्युमिनियमच्या स्टॉकमध्ये धागा गेला तर दुरुस्ती महाग पडते. कसल्यावर स्क्रूच्या डोक्यावरून रेलवर नेलपॉलिशची बारीक रेघ ओढा. रेघ तुटली की स्क्रू हलला, वाद नाही. फोरसाइटमधली रिंग पूर्ण आत बसली आहे का तेही बघा. अर्धवट बसलेली रिंग दर शॉटला थोडी सरकते आणि माणूस स्वतःला दोष देत बसतो.

डायऑप्टरच्या चकतीत थोडा रिकामा फेर असतो. म्हणून करेक्शन नेहमी एकाच बाजूने संपवा. डावीकडे ४ क्लिक जायचं असेल तर ७ जा आणि ३ परत या. एका क्लिकला किती मिमी हेही मोजून ठेवा: टेकूवरून ५ शॉट, मग २० क्लिक, मग ५ शॉट, दोन भोकांच्या केंद्रातलं अंतर भागिले २०. चकतीवरच्या अक्षरांवर विसंबू नका. काही साइटवर अक्षर शॉट कुठे गेला ते सांगतं, काहींवर साइट कुठे न्यायची ते.

आता शेवटच्या सिरीजचं ओघळणं. मला तिथे हवा दिसते. पेलेट १७० मी/से च्या आसपास निघतो आणि १० मीटर जाईपर्यंत १७-१८ मिमी खाली येतो. वेग ५ मी/से ने पडला की आणखी १ मिमी खाली. रेग्युलेटर (दर शॉटला हवेचा दाब सारखा ठेवणारा भाग) ठीक असेल तर सिलिंडर २०० बारवरून खाली येताना वेग जवळपास तोच राहतो. पण गेज तळाला गेल्यावर रेग्युलेटरला पुरेसा दाब मिळत नाही आणि शॉट एकेक करून खाली उतरायला लागतात. मॅच सुरू करताना गेजवर किती होतं आणि संपताना किती, हे लिहून आणा.

आपल्याकडे पावसाळ्यात आणखी एक भानगड. हातपंपाने भरत असाल तर खाडीकाठची ही दमट हवा पाणी घेऊनच सिलिंडरमध्ये जाते. पंपाच्या फिल्टरमधले सिलिकाचे दाणे रंग बदलले की लगेच बदला. शक्य असेल तर डायव्हिंगच्या कोरड्या हवेच्या बाटलीवरून भरा, आणि सावकाश भरा. पटकन भरलेला सिलिंडर गरम होतो, गेज २०० दाखवतं आणि थंड झाल्यावर खाली येतं. भरायच्या जोडाला तेल किंवा पेट्रोलियम ग्रीस अजिबात लावायचं नाही. इतक्या दाबाखाली ते पेट घेऊ शकतं.

पेलेट ओतून हाताळू नका. स्कर्टला (मागच्या पातळ कडेला) चेप पडलेला पेलेट बाजूला जाऊ शकतो. डबा सिलिका जेलच्या पुडीसोबत झाकणबंद ठेवा. पांढुरकी पूड धरलेले पेलेट मॅचला नकोत.

खारेगाव_लेन

दोघांचेही आभार. केलं सगळं.

फोरसाइट टनेलचा स्क्रू किंचित सैल होता, पाव फेरा घेतला. बाकी सगळे घट्ट. टेकूवरून लेव्हल लावून कागदावर ४ कार्डं: भोक ५.८ ते ६.३ मिमी. मॅचमधल्या सेटिंगलाच मारलं, तर ग्रुप मध्यापासून किंचित उजवीकडे, १ मिमीच्या आत, उंचीला बरोबर. लगेच तिथेच उभं राहून कागदावर १० शॉट: केंद्र ३ मिमी डावीकडे, अर्धा-पाऊण मिमी खाली.

गेज: मॅचच्या सुरुवातीला ११० बार, शेवटी काटा लाल पट्ट्यात.

म्हणजे रायफल मोकळी?

वर्तकनगर_कोच

रायफल मोकळी. खाली ओघळणारे शॉट तुर्भेवाल्यांनी पकडले, ११० बारवर ६० अधिक सायटर (मॅचआधीचे चाचणीचे शॉट) सुरू करूच नयेत. आता राहिला तो ३-४ मिमीचा डावा.

मला दोन कारणं दिसतात आणि ती एकमेकांत मिसळलेली आहेत.

एक, कँट, म्हणजे रायफलचा बाजूला झुकाव. स्टँडिंगमध्ये उजवा शूटर मान कमी वाकवायची म्हणून रायफल स्वतःच्या गालाकडे झुकवतो, वरची बाजू डावीकडे. ते गैर नाही, बरेच चांगले शूटर तसंच धरतात. पण हिशेब बघा. साइटमधून तुम्ही मध्य बघता तेव्हा बॅरल प्रत्यक्षात मध्याच्या १७-१८ मिमी वर रोखलेली असते, कारण पेलेट तेवढा पडणार आहे. रायफल डावीकडे झुकली की हा 'वर' डावीकडे कलतो. पेलेट मात्र सरळ खालीच पडतो. ५ अंश कँटला दीड मिमी डावीकडे, १० अंशाला ३ मिमी, १३ अंशाला ४. खाली मात्र फारच थोडं, १३ अंशाला अर्धा मिमीही नाही. टेकूवर लेव्हल लावून मध्यात आणि उभं राहून ३ डावीकडे, तर जवळपास सगळा हिशेब इथेच लागतो.

खात्री करायची तर पुन्हा टेकू घ्या. या वेळी रायफल तुम्ही उभं राहून जेवढी झुकवता तेवढीच झुकवून ५ शॉट मारा. किती झुकवता ते कळायला कुणाला तरी मागून, बॅरलच्या रेषेत, फोनवर फोटो काढायला सांगा. चौकटीत मागची खिडकी किंवा खांब यायला हवा, म्हणजे उभी रेषा मिळते. रायफल रिकामी, चेंबरमध्ये सेफ्टी फ्लॅग, आणि फोटो काढणारा तुमच्या मागेच. पुढे कुणीही नको, रिकामी असली तरी.

कँट काढून टाकू नका, तो ठरवून ठेवा. दर दिवशी ग्रुप कमीजास्त सरकतो याचा अर्थ कँट दर दिवशी वेगळा आहे. बहुतेक वेळा बटप्लेट (बटची खांद्याला टेकणारी पट्टी) खांद्यात वेगळ्या जागी बसते, किंवा जॅकेटची घडी मधे येते. फोरसाइट टनेलमध्ये आडव्या दांड्यांची रिंग लावा आणि टनेल फिरतं असेल तर तुमच्या झुकावाला दांड्या टार्गेटच्या चौकटीला समांतर येतील असं फिरवून घट्ट करा. मग प्रत्येक शॉटला आधी दांड्या बघायच्या, मग टार्गेटचं काळं. साइट शेवटी उभं राहूनच झिरो करायची, म्हणजे ग्रुप मध्यात आणायचा. टेकूवरचा झिरो उभं राहून चालत नाही.

दोन, शरीराचा नैसर्गिक रोख. चौथ्या सिरीजनंतर ग्रुप आडवा पसरतो, ते इथून. पोझिशन घ्या, डोळे मिटा, दोन-तीन श्वास सोडा, खांदे सैल करा, डोळे उघडा. रिंग काळ्याच्या डावीकडे दिसली तर तुम्ही आजवर हाताने आणि कमरेने रायफल उजवीकडे ढकलून धरत होता. शॉट सुटायच्या क्षणी स्नायू ढिले पडतात आणि रायफल आपल्या जागी, म्हणजे डावीकडे, परत जाते. स्नायू थकले की प्रत्येक शॉटला ते वेगळं होतं.

हात लावायचा नाही, पाय लावायचे. उजव्या शूटरने डावा पाय जागेवर ठेवून उजवा पाय टाचेच्या दिशेला थोडा मागे न्यायचा, एका वेळी सेंटीमीटरभर. नळी उजवीकडे फिरते. पुन्हा डोळे मिटा, पुन्हा बघा. उंचीसाठी पाय नाही, बटप्लेटची उंची किंवा डाव्या हाताची जागा. हे मॅचच्या आधी, आणि मॅचमध्ये प्रत्येक सिरीजच्या सुरुवातीला. पाय एकदा बसले की जमिनीवर टेप लावून खुणा करा (मॅचला परवानगी नसेल तर सरावात तरी).

आणि चीकपीस (गाल टेकवायचा भाग). डोळे मिटून गाल ठेवा, उघडा. डायऑप्टरचं गोल आणि फोरसाइट टनेलचं गोल एकात एक, सगळीकडे सारखी फट, असं लगेच दिसायला हवं. मान हलवून जुळवावं लागत असेल तर चीकपीस चुकीच्या जागी आहे.

सानपाडा_आरओ

दोन रेंजवर फरक का, ते राहिलं. प्रश्नात लिहिलेला ४ आणि २ हा आकडा इलेक्ट्रॉनिकवरचा आहे. कागदावर उभं राहून ३ आणि अर्धा-पाऊण आला. हा फरक बारीक वाटला तरी मला तो टार्गेटचा वाटतो.

इलेक्ट्रॉनिक टार्गेट मध्य कुठे आहे ते सेन्सरवरून ठरवतं. काळा कार्डबोर्ड त्याच्या चौकटीत एखादा मिमी सरकून बसला तर तुम्ही बरोबर मारूनही स्क्रीनवर शॉट बाजूला दिसतो. त्याच लेनवर दुसऱ्या शूटरला त्याच्या रायफलने १० शॉट मारायला सांगा. त्याचाही ग्रुप डावीकडे सरकला तर लेन बघायची, रायफल नाही. रबर किंवा कागदाची पट्टी पुढे सरकत नसेल तरी आकडे भलतेच येतात.

उजेडही बघा. टार्गेटवर निदान १५०० लक्स आणि तोही सारखा हवा. एका बाजूला ट्यूब गेलेली असली की काळ्याची एक कड फिकट दिसते आणि डोळा मध्य त्या हिशेबाने धरतो. पावसाळ्यात दिवसभर आभाळ भरलेलं, संध्याकाळी उघडलं, अशा वेळी खिडकीच्या लेनवर हे हमखास होतं. फोरसाइट टनेलच्या तोंडावर उन्हाची तिरीप येत असेल तर पडदा ओढून घ्या. रिंग आणि काळ्याच्या मधला पांढरा पट्टा फार बारीक असेल तर हा त्रास दुप्पट होतो. रिंग थोडी मोठी घेऊन बघा.

चष्मा वापरत असाल तर भिंग साइटच्या रेषेला काटकोनात हवं. घामाने फ्रेम घसरली की काळं अंडाकृती दिसायला लागतं आणि मग मध्य धरणं अवघड.

एका बाबतीत माझं मत कोचसाहेबांपेक्षा थोडं वेगळं आहे. साइट उभं राहून झिरो करा हे मान्य, पण नव्या रेंजवर सायटरच्या वेळेत क्लिक द्यायला घाबरू नका. तो वेळ त्यासाठीच आहे.

वर्तकनगर_कोच

द्या, पण एका शॉटवर नाही. सायटरमध्ये ५ शॉट, त्यातला स्वतःला चुकलेला वाटला तो सोडा, उरलेल्यांचं केंद्र बघा आणि तेवढेच क्लिक द्या. एका शॉटच्या मागे क्लिक फिरवत बसलं की मॅच सुरू होईपर्यंत साइट कुठे होती तेच कळत नाही. सायटर सुरू करण्याआधी पायांचा रोख तपासलेला हवा. रोख चुकलेला असताना दिलेला क्लिक दुसऱ्या सिरीजला उलटा अंगावर येतो.

खारेगाव_लेन

फोटोवरून कँट साधारण १२ अंश निघाला. टेकूवर तेवढा झुकवून ५ शॉट मारले: ३ मिमी डावीकडे. चित्र स्पष्ट झालं. डोळे मिटून बघितल्यावर रिंग डावीकडेच होती, तेव्हा पायही हलवले. आता घरी ड्राय फायर (पेलेटशिवाय सराव) करताना हे बसवायचं आहे. हॉलमध्ये भिंत जेमतेम ५ मीटरवर. काळा ठिपका केवढा लावू? आणि कँट रोज तोच राहावा म्हणून घरी काय करता येईल?

वर्तकनगर_कोच

टार्गेटचं काळं ३०.५ मिमी, अंतर निम्मं, म्हणून ठिपका १५ मिमीचा. मध्य जमिनीपासून १.४० मीटरवर, रेंजसारखाच. जॅकेट, पँट, बूट सगळं घालूनच करा, नाहीतर बटप्लेट वेगळ्या जागी बसते आणि सगळा सराव फुकट जातो. ठिपक्यामागे पांढरा कागद लावा, रंगीत भिंतीवर रिंग नीट दिसत नाही. पेलेटचा डबा दुसऱ्या खोलीत.

ठिपक्याच्या शेजारी ओळंबा सोडा, दोऱ्याला नट बांधला तरी चालेल. रिंगमधल्या दांड्या त्या दोऱ्याला काटकोनात आल्या की कँट तोच. एका वेळी २० मिनिटं पुरे. प्रत्येक वेळी रायफल स्टँडवर ठेवून खांद्यातून पूर्ण काढायची आणि नव्याने घ्यायची, कारण सवय लावायची आहे ती बट बसवण्याची. ड्राय फायर रायफलच्या ड्राय मोडवरच.

तुर्भे_टूलरूम

मॅचच्या दिवशी सिलिंडर २०० पर्यंत भरा आणि दुसरा भरलेला सिलिंडर सोबत ठेवा. आणि सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा. उत्पादकाने दिलेली मुदत, साधारण १० वर्षं, उलटलेला सिलिंडर इक्विपमेंट कंट्रोलला (मॅचच्या साहित्य तपासणीत) अडवू शकतात, आणि अडवला नाही तरी वापरू नये. रेग्युलेटर घरी उघडू नका. गेज वर असतानाही शॉट वर-खाली होत असतील तर क्रोनोग्राफवर (वेग मोजायच्या यंत्रावर) १० शॉटचे वेग घ्या. सगळे ३-४ मी/से च्या आत असतील तर रेग्युलेटरला हात लावायचं कारण नाही. त्याहून पसरले तर सर्व्हिसला द्या, आणि देताना वेगांचा कागद सोबत द्या.